घरातलंच कुणीतरी असेल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा या गोष्टीच्या कडेकडेनं जाते आणि परत फिरते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर तोंडातून अक्षर निघालं नसतं. आणि खरं सांगू — भरवसा तुमच्यावरही नाही. पण आता भरवसा असा माझा कुणावर उरलाय?

नाशकात, इंदिरानगरात माझं मोबाईलचं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, फोनवर काच लावून देणं, नवीन सिम कार्ड, असलं सगळं. नवरा अंबडला कंपनीत, त्याच्या शिफ्टा सांभाळता सांभाळता त्याला दम लागतो, म्हणून दुकान पहिल्यापासून माझंच. जिभेनं मी जरा तिखट आहे. फुकटची चौकशी करणाऱ्याला उभं करत नाही. पण पेन्शनवाले आजोबा फोन घेऊन येतात — 'ताई, हा बँकेचा मेसेज खरा का खोटा, बघा हो' — तेव्हा हातातलं काम सोडून बघते. हे खोटं आहे, दाबू नका, म्हणून सांगते. ते निमूट ऐकतात. लोकांना माझं पटतं. एवढं लक्षात असू द्या.

दुकानाच्या पायरीला लागून संपतभाऊ बसायचा. अजूनही बसतो. झेंडू, शेवंती, गुलाब, देवाचे पुडे, गाडीचे हार. मखमलाबादच्या पुढं त्यांचा फुलांचा मळा, दोघा भावांचा मिळून. संपतभाऊ थोरला, दत्तू धाकटा. थोरला फुलं तोडायचा आणि इथं विकायचा, धाकटा टेम्पो चालवायचा आणि उरलेला माल बाजारात न्यायचा. एका चुलीवरचं घर. दत्तूची पोरगी पल्लवी तर संपतभाऊच्याच मांडीवर वाढलेली, कारण त्याला स्वतःला मूलबाळ नाही. पायरीवर बसून हार ओवताना दहा वाक्यांतली सहा त्याची 'आमची पल्लू' अशीच सुरू व्हायची. मी चिडवायचे — अहो, तिच्या बापाला तरी एवढं कौतुक आहे का? तो हसायचा. 'बापाला काय कळतंय ताई, त्याला निस्ता टेम्पो कळतोय.'

बहीण नाही त्यांना. म्हणून भाऊबीजेला मी त्याला ओवाळायचे, दुकानातच, काउंटरवर ताट ठेवून. दिवाळीत त्याला फुलांमुळे उसंत नसायची आणि मला गिऱ्हाइकामुळे. कपाळाला टिळा लावून तो तसाच उठून हार द्यायला पळायचा.

हे सगळं मी का सांगत बसलेय? मुद्द्यावर यायला नको वाटतंय म्हणून. कळतं मला.

तर त्याचा अंगठा. फुलं तोडणाऱ्याची बोटं तुम्ही पाहिली आहेत का कधी? झेंडू नखानं खुडायचा, त्याचा चीक बोटांना बसतो आणि काळा पडतो. गुलाबाचे काटे, फवारणीची औषधं, वर दिवसभर हारांचा दोरा. संपतभाऊच्या अंगठ्यावर रेषा म्हणून राहिल्या नव्हत्या. रेशनच्या दुकानात, बँकेत, कुठंही त्याचा अंगठा एका दमात लागला असं कधी झालं नाही. 'देवानं मला बिनरेघांचा धाडला, ताई,' म्हणायचा. सिम घ्यायला अंगठ्याचं मशीन लागतं हे तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या भागात मळ्यातली माणसं दुकानात आली की आम्हाला सवयच — पुसा, परत दाबा. तेल लावा, परत दाबा. दुसरं बोट बघू, परत दाबा. त्यांनाही सवय. कितीदा दाबलं, कशासाठी दाबलं, कोण बघतंय? सांगितलं की दाबायचं.

एकदा तो बायकोसाठी सिम घ्यायला आला. रंजनावहिनींसाठी. महिनाअखेर होती. सिम कंपनीचा सेल्समन आदल्या दिवशीच माझ्या डोक्यावर येऊन बसलेला — ताई, तुमचं टार्गेट थोडक्यात राहतंय, एवढं पूर्ण करा, बक्षीस आहे. कसं पूर्ण करायचं तेही त्यानंच शिकवलेलं. ज्याचा अंगठा लागत नाही त्याला परत दाबायला सांगायचं. पहिल्यांदा लागला ते त्याचं सिम. दुसऱ्यांदा लागला ते — आमचं. चालू झालेली ती जादाची सिमं सेल्समन येऊन घेऊन जायचा. कुठं न्यायचा? मी विचारलं नाही. सगळेच करतात म्हणाला. मी मान डोलावली. म्हणजे मला न कळण्यासारखं काही होतं का त्यात? दुसऱ्यांचे खोटे मेसेज ओळखणारी बाई मी!

संपतभाऊचा अंगठा त्या दिवशी बऱ्याच झटापटीनंतर लागला. आणि मी म्हणाले, भाऊ, परत एकदा दाबा, घेतलाच नाही मशीननं. त्यानं धोतराला अंगठा पुसला आणि दाबला.

बक्षीस म्हणून मला कुकर मिळाला. चांगला आहे. अजून चालतो.

तुम्हाला वाटेल झालं, हाच कबुलीजबाब. नाही हो. एवढंच असतं तर मी कधीच कुणाजवळ तरी बोलून मोकळी झाले असते.

पुढं बऱ्याच महिन्यांनी एक दिवस सकाळी संपतभाऊ पायरीवर नव्हता. दुपारी रंजनावहिनी धापा टाकत आल्या, चप्पलसुद्धा धड नाही. पहाटे फुलं तोडायच्या वेळेला मळ्यात पांढरी गाडी आली, साध्या कपड्यातली चार माणसं उतरली, हिंदीत काहीतरी बोलली आणि त्याला उचलून घेऊन गेली. कागद नाही, चिठ्ठी नाही, कुठं नेतो ते सांगितलं नाही. दत्तू टेम्पो घेऊन बाजाराला गेलेला. वहिनींनी माझा हात धरला — 'ताई, ते खरे पोलीस व्हते का खोटे? तुम्हाला कळतं यातलं.' त्या दिवसांत पेपरात रोज यायचंच की, फोनवर खोटे पोलीस म्हाताऱ्या माणसांना घाबरवतात, व्हिडिओ कॉलवर दिवसदिवस कोंडून ठेवतात, म्हणे अटक झाली तुम्हाला. त्यामुळे बिचारीला वाटलं हेही तसलंच.

मी म्हणाले, बघू, चौकशी करू. मला ठाऊक होतं ते खरे पोलीस आहेत. कसं ठाऊक होतं, ते येतेच सांगायला — जरा थांबा.

तीन दिवस त्याचा ठावठिकाणा नव्हता. दत्तू इथल्या चौकीत गेला, तिथं म्हणाले आमच्याकडं नोंद नाही. मग कळलं, दुसऱ्या राज्यातले पोलीस होते. तिकडच्या एका निवृत्त मास्तरांना कुणीतरी पोलीस बनून फोनवर कोंडून ठेवलं होतं आणि आयुष्यभराची पुंजी काढून घेतली होती. ज्या नंबरवरून फोन गेले तो नंबर — संपतभाऊच्या नावावर. तिकडं त्याला मशीनवर अंगठा लावायला सांगितला, जुळवून बघायला. तो काही लागेना. त्यांना वाटलं हा मुद्दाम वाकडं बोट लावतोय, लबाड आहे. मारलं त्याला. हे त्यानं नंतर मला सांगितलं, तेही हसत. 'त्यांना काय ठाऊक ताई, मी बिनरेघांचा हाय म्हून.'

गावात लगेच दोन तट पडले. दुकानात दुसरा विषय नाही. निम्मे म्हणायचे, काही केल्याशिवाय पोलीस एवढ्या लांबून येतात होय? साळसूद चेहरा, आतून काय असेल कुणी सांगावं. निम्मे म्हणायचे, केलं असेल नसेल, पण माणूस असा गोणीसारखा उचलून नेतात का? काही वकिलांनी आणि कॉलेजातल्या प्राध्यापकांनी मिळून एका सभागृहात त्यावर चर्चा ठेवली. मलाही बोलावलं, मोबाईलच्या धंद्यातली बाई म्हणून. पोलिसातून निवृत्त झालेले एक साहेब बोलले. म्हणाले, सायबरचा चोर पापणी लवेपर्यंत सिम फेकून पसार होतो, त्याच्या मागं पळताना आम्ही कागद कुठवर रंगवायचे? त्या मास्तरांचा विचार करा ना कुणीतरी. खोटं नव्हतं त्यांचं. मग एक वकीलबाई उठल्या. अटक का करतोय ते त्याला सांगा, घरच्यांना कळवा, ठरलेल्या मुदतीत कोर्टापुढं उभं करा — हे उपकार नाहीत, हक्क आहे. आणि नाव सिमवर आहे म्हणून माणूस चोर ठरत नाही. तेही खरं. लोक एकमेकांवर ओरडायला लागले. आणि मग मी उठले.

काय बोलले असेन? इतकं छान बोलले! म्हणाले, आज संपतभाऊ आहे, उद्या तुम्ही असाल. अंगठा गरिबाचा असतो, त्यावर काय छापलं जातं ते त्याला दिसत नसतं. टाळ्या पडल्या. पेपरात माझा फोटो आला, हात वर केलेला. वकीलबाईंनी स्वतः येऊन माझा हात हातात घेतला. त्या हाताखालीच तर त्याचा अंगठा दाबला गेला होता. मला लाज वाटली का? तुम्ही विचारणारच. नाही वाटली. बरं वाटलं. मी सगळीकडं नजर फिरवून बघत होते, कुणाला माझा संशय तर येत नाही ना.

आता ते सांगते.

संपतभाऊला नेलं त्याच्या आदल्या दिवशी दोन माणसं दुकानात आली होती. एकानं चार्जर विचारला. गिऱ्हाईक वाटलं. मग दुसऱ्यानं ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं आणि एक नंबर वाचून दाखवला. हे सिम तुमच्या मशीनवरून चालू झालंय. कुणी घेतलं? माझी पाचावर धारण बसली. बाहेर पायरीवर संपतभाऊ बसला होता, माझ्याकडं पाठ करून. सकाळीच त्यानं मला शेवंतीची वेणी दिली होती, ती माझ्या डोक्यात होती.

मी काय म्हणू शकले असते? बरंच काही. माझी चूक झाली. किंवा आठवत नाही. किंवा सेल्समनचं नाव. यातलं काहीच म्हणाले नाही. म्हणाले — त्यानं स्वतःच दोन मागितली. एक बायकोसाठी आणि एक — तोंडातून कसं निघालं देव जाणे, कुणी विचारलंही नव्हतं — एक भावासाठी. भावालाच फोनमधलं जास्त कळतं, म्हणाले. पत्ताही सांगितला. ते बाहेर पडले तेव्हा संपतभाऊच्या टोपलीला एकाचा पाय लागला. संपतभाऊच म्हणाला, असू द्या साहेब.

दिवसभर तो पायरीवर होता. मी आत होते. एक शब्द त्याला सांगून ठेवावा असं मला वाटलं नाही? वाटलं ना. चहा दिला त्याला, त्याऐवजी.

तिकडं कोठडीत त्याला हेच विचारत राहिले — तुझ्या भावाला दिलंस ना सिम? भाऊ कुणासाठी काम करतो? संपतभाऊ नाही नाही म्हणत राहिला. दत्तूलाही बोलावून घेतलं, दोन दिवस बसवून ठेवलं, काही सापडलं नाही म्हणून सोडलं. आणि संपतभाऊच्या मनात पाल चुकचुकली. यांना माझा भाऊ आहे हे कुणी सांगितलं? उगाच त्याचं नाव कसं घेतील? माझं आधार कार्ड कुणाकडं असतं? दत्तूकडंच की. फुलांच्या सबसिडीचे, ठिबकचे सगळे कागद तोच करायचा, माझ्याच दुकानात येऊन झेरॉक्स काढायचा.

त्या वकीलबाईंनी पदरमोड करून जामीन मिळवला. संपतभाऊ परत आला तो निम्मा होऊन. आल्यावर पहिला माझ्याकडं आला. घरी जायच्याही आधी. स्टुलावर बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, 'ताई, तुम्हाला यातलं कळतं. इमानदारीत सांगा. कुणी केलं असंल?'

लोकांना माझं पटतं, म्हणाले होते ना तुम्हाला?

मी फडकं घेतलं. काउंटर पुसला. मग म्हणाले — अशा केसमध्ये, संपतभाऊ, बाहेरचं नसतं कुणी. घरातलंच कुणीतरी असेल.

त्यानं ग्लास खाली ठेवला. बराच वेळ तो आपल्या अंगठ्याकडंच बघत बसला होता.

दत्तू मूर्ख नव्हता. दोन दिवसांनी तोही आला, टेम्पो रस्त्यातच उभा करून. म्हणाला, ताई, मी चौकशी केली, ते सिम तुमच्याच मशीनवरून चालू झालंय. दादानं एकच घेतलं व्हतं, वहिनीसाठी, मला ठाऊक हाय. मंग दुसरं कुठून आलं? सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं त्यानं. सगळ्या नाशकात त्या एकाच माणसानं बरोबर ओळखलं होतं — आणि मी काय केलं? कांगावा. रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. माझ्यावर संशय? मी सभेत उभी राहून भांडले तुझ्या भावासाठी, आणि तू मला विचारतोस? डोळ्यांत पाणीही आलं माझ्या. खोटं नव्हतं ते, भीतीचं होतं. पण दिसायला पाणी सारखंच दिसतं ना?

संपतभाऊ पायरीवरून उठला आणि त्यानं भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, धाकट्या भावाच्या थोबाडीत मारली. लहानपणापासून कधी हात उगारला नसेल. 'माझ्या बहिणीला बोलतो?' म्हणाला.

दत्तू वळला. टेम्पोत बसला. काचेतून एकदाच बघितलं, भावाकडं नाही — माझ्याकडं.

त्या दिवसापासून चुली दोन झाल्या. मळ्याच्या मधून बांध घातला. एकाच्या शेवंतीचं पाणी दुसऱ्याच्या झेंडूला जात नाही आता. तेव्हापासून मीही सुखानं बसलेली नाही, तेही सांगते, पण त्याचं काही मोल नाही. चार्जर मागणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बुटांकडं माझी नजर जाते. समोरच्या इमारतीवर कॅमेरा बसला तर तो माझ्यासाठीच बसवला असं वाटलं. नवरा जेवताना गप्प बसला तर वाटतं, याला कुणी काही बोललं का? तो सेल्समन नोकरी सोडून गेला, मला वाटतं कधीतरी कुठंतरी पकडला जाईल आणि माझं नाव घेईल. संपतभाऊ आणि वहिनी हळू आवाजात बोलत असले की मी आतून पंखा बंद करते, ऐकू यावं म्हणून.

केस अजून चालू आहे. तारखेला त्याला तिकडं जावं लागतं. इथून बसनं मनमाड आणि मनमाडहून रेल्वे. एकदा परत आल्यावर सांगत होता, मनमाडला फलाटावर दत्तू येऊन उभा होता. हातात भाकरीचा डबा. दादा, एवढा घेऊन जा म्हणाला. संपतभाऊनं तोंड फिरवलं. गाडी सुटेपर्यंत तो तसाच डबा धरून उभा होता म्हणे. 'घेतला नाय मी. बरोबर केलं ना ताई?' त्यानं विचारलं.

मी म्हणाले, तुम्हाला जे पटलं ते बरोबर.

आता शेवटचं. मी उगाच लांबवत आले ते यासाठीच.

परवाच्या लग्नसराईत पल्लवीचं लग्न झालं. दत्तूनं पत्रिका देवापाशी ठेवून पहिली थोरल्याकडं पाठवली होती. संपतभाऊनं ती परत केली. लग्नाच्या दिवशी नेहमीसारखा पायरीवर येऊन बसला. पण त्या दिवशी गिऱ्हाइकाला फुलं दिली नाहीत. सकाळपासून दोनच हार करत होता, गुलाबाचे, नवरानवरीचे. वरून तिसऱ्या फुलामागं शेवंतीची एक पाकळी उलटी बसवायची ही त्याच्या घरची रीत, दुसरं कुणी तसं करत नाही. हार झाले तसे ओल्या फडक्यात गुंडाळले आणि माझ्याकडं आला. ताई, एवढं कार्यालयात पोचवा. माझं नाव सांगू नका. तुम्ही गेलात म्हंजे मी गेल्यासारखंच हाय.

मी गेले. दारातच दत्तू उभा, फेटा बांधून, पाहुण्यांना या या करत. मला बघून त्याचं बोलणं थांबलं. मी फडकं पुढं केलं. त्यानं उघडलं, हार उलटा करून ती पाकळी बघितली. आणि माणूस रडला हो. फेटा बांधलेला बाप, भर दारात.

मग डोळे पुसले आणि मला म्हणाला, अगदी शांत आवाजात — 'ताई, जे झालं ते झालं. मी कुणाचं नाव घ्यायचा नाय. तुमचं बी नाय. फक्त दादाला जाऊन सांगा, पल्लू अडून बसली हाय. मोठ्या बाबाशिवाय अक्षता नको म्हणती. ते येईस्तोवर आम्ही थांबवतो सगळं. गाडी धाडू का म्हणावं?'

तुमचं बी नाय, म्हणाला. म्हणजे त्याला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं, आणि तरी त्यानं ते माझ्या हवाली केलं — दुसरं कुणी नव्हतं त्याच्याकडं, ज्याचं दादा ऐकेल.

रिक्षात बसले. सगळ्या वाटेत एकच विचार. हे दोघं आज भेटले, गळ्यात पडले, की बोलणार. आज ना उद्या बोलणार. दत्तू नाव घेणार नाही म्हणाला, पण भावाभावात किती दिवस झाकून राहील? एक भाऊ विचारेल, दुसरा गप्प बसेल, आणि त्या गप्प बसण्यातच कळेल. मग पायरीवर कोण बसेल? भाऊबीजेला कोण येईल? असा विचार केला मी. असाच. त्याच्या पोरीच्या अक्षता थांबलेल्या होत्या आणि मी माझ्या भाऊबीजेचा विचार करत होते.

दुकानाशी उतरले. संपतभाऊ उभाच होता. त्या दिवशी त्यानं धुतलेला सदरा घातला होता, हे मी तेव्हा पाहिलं. सकाळी लक्षात आलं नव्हतं. उपरणंही होतं, टोपलीवर घडी करून ठेवलेलं. म्हणजे कुणी बोलवायला येईल असं त्याला वाटत होतं.

'दत्तू काय म्हणला?'

'काही नाही,' मी म्हणाले.

'पल्लू?'

'घाईत होती. दिसली नाही मला.'

तो थोडा वेळ रस्त्याकडं बघत राहिला. मग खाली बसला, उपरणं टोपलीत फुलांखाली सारलं, आणि साधा झेंडूचा हार ओवायला घेतला. तिकडं ते किती वेळ थांबले, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

'हार तरी घेतला का त्यानं?' त्यानं मान वर न करता विचारलं.

घेतला, म्हणाले मी. तेवढं खरं सांगितलं.